फॅसिझमला जुनं हवं होतं की नवं? आणि विद्वान कशाला हवे होते?

तळ्यातमळ्यात
गेल्या महिन्यात लेकीकडे मिलानला गेलो होतो. एक दिवस लोकलने कोमोला. तिथे सगळे तळ्याकडे पळतात, मीही पळालो. परत येताना कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला एक पांढरी चौकोनी इमारत दिसली. सरळ रेषा, मोकळे चौकोन, भरपूर काच, नक्षी औषधालाही नाही. मला वाटलं सत्तरच्या दशकातलं एखाद्या बँकेचं हेड ऑफिस असेल. जावई म्हणाला, "बाबा, ही कासा देल फाशो. पक्षाचं कार्यालय, १९३६ सालचं." आता तिथे करचुकव्यांना पकडणारे पोलीस बसतात.

मी चक्रावलो. माझ्या डोक्यातला फॅसिझम म्हणजे रोमन गरुड, उंच खांब, गतवैभवाची आरती. पुढे रोमला गेलो तर तिथे नेमकं तेच. स्टेडियमजवळ संगमरवरी स्तंभ उभा, त्यावर 'मुसोलिनी दुक्स', म्हणजे 'नेता मुसोलिनी', अजून ठसठशीत वाचता येतं. एकाच राजवटीची ही दोन तोंडं. मग यांना हवं काय होतं, जुनं की नवं?

उपप्रश्न: 'मे ने फ्रेगो', म्हणजे 'गेलं उडत', ही ज्यांची घोषणा, त्यांनी ३५ खंडांचा विश्वकोश कशाला काढला?

जाणकारांनी लिहावं. आपल्याकडच्या राजकारणावर घसरू नये ही विनंती. (कोणी ऐकणार नाही हे माहीत आहे.)

रिकामटेकडा
पहिला! पाचव्या प्रतिसादाच्या आत गाडी घसरणार, एक कटिंग लावतो.

कुडाळचा_बाबू
घसरली तरी वेळेवर घसरेल. मुसोलिनीच्या राज्यात गाड्या वेळेवर धावायच्या ना!

वेताळटेकडी
आलं का ते पालुपद. युद्धात मोडकळलेली रेल्वे सावरायला तो सत्तेवर यायच्या आधीच सुरुवात झाली होती. श्रेय कोणी घेतलं एवढाच प्रश्न.

विटामाती
तळ्यातमळ्यात, तुम्ही बँक म्हणालात त्या इमारतीसाठी आम्ही कॉलेजात रात्री जागवल्या आहेत. जुझेप्पे तेर्रान्यीचं काम. पाया चौरस, बाजू साधारण ३३ मीटर, उंची बरोबर त्याच्या निम्मी. दर्शनी बाजूला १८ काचेचे दरवाजे, विजेवर एकदम उघडणारे. आतली मंडळी एका झटक्यात चौकात उतरावीत म्हणून. मुसोलिनी म्हणाला होता की फॅसिझम हे काचेचं घर आहे, सगळ्यांना आत बघता यावं. तेर्रान्यीने ते शब्दशः घेतलं. बाकी त्या राजवटीत आत काय चाललंय हे विचारणाऱ्याचं काय व्हायचं ते वेगळं.

आणखी एक गंमत. आत गेलात की मधोमध वरून उजेड येणारा चौक आहे आणि त्याच्या भोवती खोल्या. इटलीतल्या जुन्या हवेल्यांचा नकाशा असाच असतो, आपल्या वाड्यासारखा. बाहेरून कारखाना, आतून वाडा! याच माणसाने १९३८ मध्ये रोमसाठी दांतेचं स्मारक आखलं, त्यात स्वर्गाच्या दालनात काचेचे खांब होते. ते बांधलंच गेलं नाही.

आता दुसरं तोंड. मार्चेल्लो पियाचेंतिनी हे सरकारी मर्जीतले वास्तुविशारद. १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी रोमच्या दक्षिणेला नवी वसाहत यांच्या देखरेखीखाली उभी राहत होती. तिथला तो 'चौकोनी कलोसियम' फोटोत पाहिला असेल, नुसत्या कमानीच कमानी. जुन्या रोमची कमान घेतली, नक्षी तासून टाकली आणि खोक्यासारखी रचली. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही.

जर्मनीत हिटलर आल्यावर १९३३ मध्येच बाउहाउस ही आधुनिक शैलीची नामांकित शाळा बंद पडली. इटलीत आधुनिक शैलीवाले स्वतःच पक्षाचे सभासद होते, आणि आमचीच शैली खरी क्रांतिकारी म्हणून मुसोलिनीकडे अर्ज करत होते. त्याने कोणालाच नाही म्हटलं नाही. दोन्ही भावांना वाटत राहिलं, घर आपल्याच नावावर होणार.

शिळंपाकं
विटामातींचा प्रतिसाद जबरी. मी आपली स्वयंपाकघरातून येते.

मारिनेत्ती हे फ्युचरिस्टांचे, म्हणजे जुनं मोडून यंत्रयुगाची कला मागणाऱ्यांचे, म्होरके. १९०९ च्या जाहीरनाम्यात यांनी संग्रहालयं आणि ग्रंथालयं जमीनदोस्त करा म्हटलं, युद्धाला जगाची साफसफाई म्हटलं. हेच गृहस्थ डिसेंबर १९३० मध्ये पास्त्यावर उठले. म्हणे पास्ता खाऊन इटालियन माणूस जड, निराश आणि आळशी होतो, त्याने भात खावा! यामागे नुसता विक्षिप्तपणा नव्हता. गहू बाहेरून आणावा लागे, म्हणून १९२५ पासून सरकारची 'गव्हाची लढाई' चालू होती. तांदूळ मात्र पो नदीच्या खोऱ्यात घरचाच.

नेपल्सचे नगराध्यक्ष खवळले. म्हणाले, स्वर्गातले देवदूतसुद्धा टोमॅटोच्या रश्शातल्या शेवयाच खातात. मारिनेत्ती म्हणाले, तरीच, स्वर्ग कंटाळवाणा असणार हा माझा संशय खरा निघाला.

१९३१ मध्ये तुरीनला यांचं हॉटेलही निघालं, आतून सगळं अ‍ॅल्युमिनियम. एका पदार्थाची कृती: उजव्या हाताने बडीशेपेचा कंद, ऑलिव्ह आणि कुमक्वात खायचं. डाव्या हाताने सँडपेपर, रेशीम आणि मखमल कुरवाळायची. वेटर मानेवर अत्तर फवारणार आणि स्वयंपाकघरातून विमानाची घरघर ऐकू येणार. शिवाय बॉलबेअरिंग भरून भाजलेली कोंबडी होतीच.

रिकामटेकडा
शिळंपाकंताई, बॉलबेअरिंग किती शिट्ट्यांत शिजतात?

शिळंपाकं
तुमच्यासाठी कच्चीच वाढते.

निवृत्त_मास्तर
हसून घ्या, पण या गृहस्थांचं पुढे काय झालं ते पाहा. ज्याला अकादम्या पाडायच्या होत्या तो १९२९ मध्ये मुसोलिनीने काढलेल्या शाही अकादमीचा सदस्य झाला. पिसांची टोपी, कमरेला तलवार, नावामागे 'महामहिम' आणि दरमहा तनखा. पहिल्याच तुकडीत तरुण एन्रिको फर्मीही होता. बंडखोर आणि शास्त्रज्ञ, दोघांना एकच गणवेश.

उपप्रश्नाकडे येतो. त्यासाठी दोन मित्र पाहावे लागतील, बेनेदेत्तो क्रोचे आणि जोव्हान्नी जेंतिले. दोघे तत्त्वज्ञ, कित्येक वर्षं एकच मासिक मिळून चालवलेलं. १९२२ मध्ये जेंतिले मुसोलिनीचे शिक्षणमंत्री झाले. क्रोचेंनी तेव्हा विरोध केला नाही. विरोधी खासदार मात्तेओत्तीचा फॅसिस्टांनी खून केल्यानंतर, जून १९२४ मध्ये, सिनेटमध्ये त्यांनी मुसोलिनीच्या बाजूने विश्वासमत दिलं. हे क्रोचेभक्त सहसा सांगत नाहीत. त्यांना वाटलं, हे पोर दंगा करून शांत होईल आणि जुनी उदारमतवादी व्यवस्था उलट बळकट होईल.

१९२५ उजाडेपर्यंत तो भ्रम फिटला. २१ एप्रिलला, म्हणजे रोमचा स्थापनादिन मानतात त्या दिवशी, जेंतिलेंनी लिहिलेला फॅसिस्ट बुद्धिवंतांचा जाहीरनामा आला. त्यावर नाटककार पिरांदेल्लो, कवी उंगारेत्ती आणि मारिनेत्तींच्या सह्या. १ मे रोजी क्रोचेंनी लिहिलेलं उत्तर छापून आलं. मैत्री त्याआधीच तुटली होती. पुढच्या वर्षी नेपल्समधलं क्रोचेंचं घर गुंडांनी फोडलं. पण त्यांना तुरुंगात टाकलं नाही, मासिकही चालू राहिलं. परदेशी पाहुण्यांना दाखवायला बरं असतं असं एखादं माणूस.

आणि विश्वकोश? तो जेंतिलेंनीच चालवला. पहिला खंड १९२९ चा, शेवटचा १९३७ चा. त्यात ज्यू आणि विरोधकसुद्धा लिहीत होते. १९३२ च्या खंडात 'फॅसिझम' ही नोंद आली, खाली सही मुसोलिनीची, पण तात्त्विक भाग जेंतिलेंच्या हातचा. दहा वर्षं 'आम्हाला सिद्धांत नाही, आम्ही कृती करतो' म्हणून मिरवलं आणि दहाव्या वर्षी सिद्धांत छापून घेतला, तोही विश्वकोशात.

वेताळटेकडी
मास्तर, सगळं पटलं, पण तुम्ही जेंतिलेंना फार प्रतिष्ठा देताय. तो माणूस फॅसिझम खरोखर मानत होता, हे खरं. पक्षातले लाठीवाले त्याला शेवटपर्यंत 'प्रोफेसर' म्हणून हिणवत राहिले हेही खरं. त्यांची म्हण 'पुस्तक आणि बंदूक, तोच फॅसिस्ट अचूक' अशा थाटाची. पुस्तक आधी आहे म्हणून फसू नका.

आणि पक्षात एक मत कधीच नव्हतं. विसाच्या दशकात दोन टोळ्या साहित्यात भांडत होत्या. एक 'स्त्रापाएसे', म्हणजे अस्सल गावाकडचे: माती, शेतकरी, तोस्कानाची दारू, शहर म्हणजे सडकं. दुसरी 'स्त्राचित्ता', शहरवाली: सिनेमा, जॅझ, युरोप. शहरवाल्यांनी १९२६ मध्ये मासिक काढलं तेही फ्रेंच भाषेत! दोघेही फॅसिस्ट. नंतर चित्रकलेत तेच. पक्षाचेच दोन पुढारी: बोत्ताईंचं बेर्गामोचं पारितोषिक प्रयोगशील चित्रांना, फारिनाच्चींचं क्रेमोनाचं पारितोषिक 'रेडिओवर दुचेंचं (म्हणजे मुसोलिनीचं) भाषण ऐकताना' असल्या विषयांना. सांगा आता, जुनं की नवं?

रिकामटेकडा
थोडक्यात, ग्रामीण साहित्य संमेलन वि. अखिल भारतीय.

पणजीकार
आमच्याकडची तुलना देतो. गोव्यावर राज्य करणाऱ्या सालाझारला लोक सरसकट फॅसिस्ट म्हणतात. पण तो कोइंब्राचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, गर्दीचा तिटकारा असलेला. देव, देश, कुटुंब, बस. विमानाची घरघर त्याला नको होती. मुसोलिनीच्या धर्तीवर निळे सदरे घालून फिरणारी संघटना त्याने १९३४ मध्ये स्वतःच मोडून काढली. ह्याला मी परंपरावादी हुकूमशहा म्हणेन. आजोबा सांगायचे, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून मग छापायची. वधू-वरांच्या नावात काय आक्षेपार्ह सापडणार, देव जाणे. सांगायचं असं, की नव्याचं वेड असल्याशिवाय इटलीचा नमुना पुरा होत नाही.

कुडाळचा_बाबू
नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले होते, पोरांच्या बालिल्ला संघटना पाहून प्रभावित झाले होते. डायरीत लिहून ठेवलंय. हे धाग्यात यायलाच हवं ना? की इथेही काचेचं घर?

तुतारी
झालं सुरू! विषय काय, हे कुठे. मग गांधीही त्याच वर्षी मुसोलिनीला भेटले होते, ते का नाही लिहीत?

कुडाळचा_बाबू
लिहा की. भेटले, डिसेंबरमध्ये. टागोर तर १९२६ मध्ये सरकारी पाहुणे होते, आणि नंतर वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांनी कान धरले. प्रत्येकाने परत येऊन काय केलं ते बघा म्हणजे झालं.

तुतारी
हा तुमचा नेहमीचा

नियंत्रक
वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. मुंजे, गांधी, टागोर यांच्या भेटी नोंदल्या गेल्या, वस्तुस्थिती आहे. त्यावर भांडायला वेगळा धागा काढावा. इथे इटली.

रिकामटेकडा
पाचव्याऐवजी बाराव्या प्रतिसादाला घसरली. कटिंग हरलो.

गणिती_आजोबा
मास्तरांनी सह्यांचं काढलं म्हणून लिहितो. १९३१ मध्ये विद्यापीठातल्या प्रत्येक प्राध्यापकाला शपथ घ्यायला लावली. नुसती राजाशी नव्हे, फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची. प्राध्यापक बाराशेच्या वर. नाही म्हणणारे जेमतेम डझनभर.

त्यातला एक माझा देव, वितो वोल्तेरा. त्याचं गणित मी आयुष्यभर शिकवलं. गोष्ट अशी. पहिल्या महायुद्धात आड्रियाटिक समुद्रात मासेमारी मंदावली. युद्धानंतर वोल्तेराच्या जावयाने, तो प्राणिशास्त्रज्ञ, त्रिएस्ते, व्हेनिस आणि फिउमे इथल्या मासळीबाजारांचे आकडे तपासले. युद्धाच्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं. मासेमारी थांबली तर सगळेच मासे वाढायला हवेत, शिकारीच जास्त का? सासऱ्याने दोन समीकरणं मांडली: भक्ष्य वाढलं की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटतं, मग भक्षक उपाशी. हे चक्र फिरत राहतं.

हा माणूस सिनेटर होता, १९२३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा पहिला अध्यक्ष होता. १९२५ मध्ये त्याने क्रोचेंच्या पत्रकावर सही केली. १९३१ मध्ये शपथ नाकारली, खुर्ची गेली. तेव्हा तो सत्तरीला आला होता. साम्राज्यं मरतात, युक्लिडचे सिद्धांत मात्र तरुणच राहतात, असं त्याने एका पोस्टकार्डावर लिहिल्याचं सांगतात. वर्गात मी ते दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. पोरं विचारायची, सर, परीक्षेला आहे का?

आजीची_गोधडी
आजोबा __/\__

पण बाराशे विरुद्ध बारा ऐकून मला बाराशेंचा राग येत नाही. घरी पोरंबाळं असतील, दुसरी नोकरी कुठे होती? आजही शपथ घ्यावी लागली तर आपण किती जण नाही म्हणू?

निवृत्त_मास्तर
गोधडीताई, राग मलाही येत नाही. क्रोचेंनीच काहींना सांगितलं, शपथ घ्या आणि जागा सोडू नका, नाहीतर वर्ग त्यांच्या हाती जातील. लुइजी एइनाउदी, पुढे प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२५ मध्ये विरोधात सही केली आणि १९३१ मध्ये शपथ घेतली. कम्युनिस्टांच्या नेत्यांनीही आपल्या प्राध्यापकांना तेच सांगितलं.

मी एका कॉलेजात ३१ वर्षं काढली. कोणत्या ते सांगत नाही. एकदा एका सहकाऱ्याविरुद्ध ठराव फिरत होता. शिपाई वही घेऊन स्टाफरूममध्ये आला. पहिल्या चार सह्या विभागप्रमुखांच्या. पेन वहीतच अडकवलेलं, टोपण काढून. मी चष्मा शोधायचं नाटक केलं, शिपाई शांतपणे उभा राहिला. चष्मा माझ्या खिशातच होता. केली सही. कारणं नंतर सुचली, तीही चांगली चांगली. म्हणून बाराशेंवर बोलताना जीभ अडखळते. पण एवढं म्हणेन की राजवटीला त्यांचं मत नकोच होतं, सही हवी होती. मत बदलायला वर्षं लागतात, सहीला चष्मा सापडेपर्यंतचा वेळ.

गणिती_आजोबा
मास्तर, हे लिहायला हिंमत लागते.

वेताळटेकडी
+१. आणि सही करून तरी काय मिळालं? १९३८ मध्ये वंशाचे कायदे आले. शपथ घेतलेल्या ज्यू प्राध्यापकांनाही काढलं. मार्गेरिता सार्फात्ती, ज्यांनी मुसोलिनीचं चरित्र लिहून त्याला जगभर नेलं, आधुनिक चित्रकारांचा 'नोव्हेचेंतो' गट उभा केला, त्याही ज्यू. देश सोडला. फर्मीची बायको ज्यू. डिसेंबर १९३८ मध्ये नोबेल घ्यायला स्टॉकहोमला सगळे गेले ते तिथूनच अमेरिकेला. पिसांची टोपी राहिली रोममध्ये.

आजीची_गोधडी
त्याच वर्षी भाषेतही घुसले ना? आदरार्थी 'लेई' बंद, सगळ्यांनी 'व्होई' म्हणायचं. 'लेई' नावाचं बायकांचं साप्ताहिक होतं, त्या बिचाऱ्यांना नाव बदलून 'आन्नाबेल्ला' करावं लागलं. उद्या कोणी 'अहो' वर बंदी आणली तर आमच्या घरात संवादच संपेल.

रिकामटेकडा
तेव्हाचा जोक: मग गॅलिलिओ गॅलिलेईला आता गॅलिलिओ गॅलिव्होई म्हणायचं का?

माणगावकर
अवांतर, पण राहवत नाही. रोम, टायबर चाललंय म्हणून. आमच्या माणगावला यशवंत घाडगेंचं स्मारक आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४, टायबरच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. वय २२. मुसोलिनीची उत्तरेतली सत्ता तेव्हा जर्मनांच्या जिवावर टिकली होती. स्तंभ तुम्ही रोमला पाहिलात, हाही एकदा पाहा, महामार्गावरून जाताना.

तळ्यातमळ्यात
माणगावकर, अवांतर कसलं! दरवर्षी गणपतीला तिथून जातो आणि कधी थांबलो नाही. या वेळी थांबतो.

चिकागोकर
इतके दिवस नुसता वाचक होतो, आज खाते उघडलं. तळ्यातमळ्यात, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या सायकलच्या वाटेवर उभं आहे.

जुलै १९३३ मध्ये मुसोलिनीचा हवाईमंत्री इतालो बाल्बो २४ समुद्री विमानांचा थवा घेऊन इटलीहून इथल्या जागतिक प्रदर्शनाला आला. अटलांटिक ओलांडून! सरोवरात विमानं उतरली तेव्हा शहर वेडं झालं. त्याची आठवण म्हणून मुसोलिनीने शिकागोला भेट काय पाठवली असेल? विमानाचा पंखा? नाही. ओस्तिया या रोमच्या जुन्या बंदराच्या अवशेषांतला सुमारे दोन हजार वर्षांचा रोमन खांब. तळाला मजकूर कोरला, की रोमन धाडसाने समुद्र ओलांडणाऱ्या पथकाची ही आठवण, फॅसिस्ट शकाचं अकरावं वर्ष.

तो खांब फुटबॉल स्टेडियमजवळ, सरोवराच्या काठावर अजून आहे. हिवाळ्यातल्या वाऱ्याने अक्षरं झिजलीत. पाटी वाचायला माझ्याशिवाय कोणी थांबलेलं मी पाहिलं नाही. बरेच जण कुत्र्यासाठी थांबतात.

विटामाती
क्या बात! विमान आणि खांब, एकाच पार्सलात. मी वर दोन भावांचं लिहिलं ते बहुतेक चुकलं. हे दोन भाऊ नव्हेतच. जुना रोम त्यांना जपायचा नव्हताच. १९३२ मध्ये कलोसियमपर्यंत संचलनाचा रुंद रस्ता काढला तेव्हा मध्ये आलेली टेकडी कापली, शतकानुशतकांची वस्ती पाडली, खोदून वर आलेले रोमन चौकही पुन्हा बुजवून वर डांबर घातलं. रोमच्या नावाने रोमवर रस्ता. मुसोलिनी स्वतः कुदळ घेऊन फोटोला उभा. जुन्यावर प्रेम असलेला माणूस असं करत नाही.

वेताळटेकडी
असहमत. प्रेम नव्हतं म्हणणं सोपं आहे. ऑगस्टसच्या दोन हजाराव्या जयंतीला १९३७ मध्ये केवढं प्रदर्शन भरवलं. संशोधकांनी खरं काम केलं त्यात. लोकांना ते जुनं खरोखर भावलं, म्हणून तर चाललं. नुसती सजावट म्हणून सोडून दिलं तर ते का चाललं ते कळणार नाही.

विटामाती
भावलं हे मान्य. पण कोणतं जुनं? मध्ययुगीन गल्ल्याही जुन्याच होत्या. त्यांतल्या माणसांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर नेलं. ऑगस्टस उपयोगाचा, गल्लीतला चांभार नाही.

तळ्यातमळ्यात
चिकागोकरांच्या 'अकरावं वर्ष' वरून आठवलं. रोमला एका इमारतीच्या कोपऱ्यावर 'ए. XII' असं कोरलेलं दिसलं. मी लेकीला म्हटलं, बारा नंबरची विंग असेल. आता कळतंय, ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेला त्यांचा शक. नवं युग सुरू केलं आणि आकडे घातले रोमन! माझा प्रश्न त्या दगडावरच लिहिलेला होता आणि मी त्याच्याखाली उभा राहून विंग शोधत होतो.

मास्तरांची वही आणि वोल्तेराचे मासे मात्र डोक्यातून जात नाहीत. जावयाला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, पुढच्या वेळी त्रिएस्तेला जाऊ, मासळीबाजार बघू.

शिळंपाकं
मासळी आणा, कृती मी देते. विमानाची घरघर तुमची तुम्ही करा.

रिकामटेकडा
हरलेलं कटिंग कोणाला द्यायचं? पैज कोणी घेतलीच नव्हती असं आत्ता लक्षात आलं.

निवृत्त_मास्तर
मला द्या. पावतीवर सही करतो.